मगदूमांच्या गाडीचे मागचे दिवे

“दाबा!” गाडीच्या मागे उकिडवी बसून मी ओरडले.

“दाबला!” आतून मगदूम अण्णा.

दोन्ही लाल दिवे लख्ख पेटले.

“सोडा!”

“सोडला!”

विझले. परत दाबायला लावलं, परत पेटले. डिकीवर दोन थपडा मारल्या, काचांवर टिचक्या मारल्या, आतल्या वायरी हलवून बघितल्या, तरी त्या दिव्यांनी एकदा म्हणून मान टाकली नाही. नवरात्र चालू होतं. दुकानाबाहेर तीन ट्रॅक्टर आणि वडापची, म्हणजे गावोगावची माणसं वाहणारी, एक जीप ताटकळत उभी होती, प्रत्येकाला दसऱ्याच्या पूजेआधी हॉर्नपासून इंडिकेटरपर्यंत सगळं चालू हवं होतं, आणि मी मात्र सकाळपासून एका न बिघडलेल्या गाडीचा बिघाड शोधत बसले होते.

मागच्या दिव्यांचं काम एकट्याने होत नाही. एकाने ब्रेकवर पाय ठेवायचा, दुसऱ्याने मागे बसून बघायचं. ब्रेक दाबणाऱ्याला आपला दिवा कधीच दिसत नाही, त्याला बघणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. माझे आप्पा हे काम करताना मला सांगायचे, “बगणाऱ्यानं खरं बोलावं. न्हाईतर दाबणाऱ्याचा पाय फुकट.” जयसिंगपुरात स्टँडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये आप्पांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. ते गेले आणि दुकान मी चालवायला घेतलं, तेव्हा गावाला चघळायला चांगला विषय मिळाला. बाईमाणूस काय बॅटऱ्या उचलणार, म्हणे. उचलल्या. माझ्या तोंडाचा पट्टा मोकळा असल्यामुळे पुढेपुढे कुणी तोंडावर बोलायचं बंद झालं एवढंच.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. आता माझेही केस पांढरे झालेत. पण दसरा जवळ आला, बाजारात झेंडूचे ढीग लागले, की मला ती दुधाळ रंगाची फियाट आठवते आणि त्या दिवसापुरती मी कामाला निकामी होते.

बाळगोंडा मगदूम, म्हणजे अण्णा, साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या खिशात एखादा वॉशर सापडायचाच. ती फियाट त्यांनी एका डॉक्टरांकडून जुनी घेतलेली, आणि तिला मुलीसारखी सांभाळलेली. तिचं सगळं काम ते घरीच करायचे. वायरिंगही त्यांनी स्वतःच्या हाताने नवीन घातलं होतं, आणि तेच पुढे त्यांच्या नशिबाला आलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा सन्मती कारखान्यात केमिस्ट होता. मी सांगतेय त्या नवरात्राच्या चार वर्षं आधी, दसऱ्याला, तो ह्याच गाडीने सांगलीला आत्याकडे सोनं द्यायला गेला होता. परत येताना दिवेलागणीला, अंकलीच्या अलीकडे, मागून ट्रकने ठोकर दिली. गाडी उजव्या कोपऱ्यावर मार खाऊन रस्त्याखालच्या चरीत गेली. सन्मती जागच्या जागी गेला. ट्रकवाला रडत सांगत होता, मला पुढं लाइट दिसलाच न्हाई. आणि पोलीस घरी आले तेव्हा अण्णांनी स्वतःहून सांगून टाकलं, “वायरिंग मी केलं हुतं. मागचं दिवं लागत नव्हतं. चूक माझी हाय.”

गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? बापाच्या हातनं लेक गेला, असं लोक बोलू लागले. बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कमिटीवर अण्णा होते, ते त्यांनी सोडलं. एकदा माझ्या देखत चहाच्या गाड्यावर पंखा बंद पडला आणि अण्णा बघायला उठले, तर एकजण म्हणाला, “असू द्या अण्णा, तुमी नका हात लावू.” अण्णा मुकाट्याने खाली बसले. मी त्या माणसाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर असे अण्णा त्या दिवशी गाडी घेऊन दुकानात आले, सोबत त्यांच्या बायको. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं. गाडीचा मागचा कोपरा डेंटरकडून ठोकून घेतलेला होता, पण पत्र्यावरच्या लाटा अजून दिसत होत्या.

“मंदा,” अक्का आल्या आल्या म्हणाल्या, “गणपतीत माझा भाचा आल्ता. त्यानं बॅटरी जोडली, गाडी चालू केली, ब्रेक दाबला. मी सोप्यात उभी हुते. मागचं दोन्ही दिवं लागलं. मग त्या दिवशी का लागलं न्हाईत? मी ह्यांना रोज इचारतेय. मला कळाय पायजे.”

“कधी लागत्यात, कधी न्हाई,” अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. “आत कुठंतरी दोष हाय. तेवढा काढून दाखव हिला.”

मी अक्कांना पुढे, काउंटरजवळ खुर्ची दिली. तिथून त्यांना गाडीचं तोंड दिसत होतं, मागचं काही दिसत नव्हतं. चहा मागवला. मनात म्हटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावरचा हा धोंडा उतरवायची आज संधी आहे. माझा आप्पांच्या विद्येवर भरवसा होता, आणि अण्णांच्या हातावर त्याहून जास्त.

डिकी उघडली तेव्हा तो भरवसा वाढलाच. वायरिंग कसलं, दागिना होता. प्रत्येक जोड नीट झाळलेला, वर नळी चढवलेली, वायरी पत्र्याला घासू नयेत म्हणून जागोजागी रबर. दोन्ही दिव्यांच्या अर्थिंगच्या वायरी एकत्र आणून गाडीच्या पत्र्यावर एका स्क्रूखाली घट्ट दाबलेल्या. डावा दिवा अपघातात फुटलाच नव्हता, तो मूळचा तसाच होता. त्याच्या चौकटीला आणि डिकीच्या बिजागरीला काळपट पडलेला दोरा गुंडाळलेला होता, गच्च निरगाठ मारलेला. माझ्या हाताला तो अडकायला लागला म्हणून मी ब्लेडने कापून खाली टाकला. अण्णा गाडीतून उतरून मागे आले, त्यांनी तो दोरा उचलला आणि झटकन खिशात घातला. स्टोअरकीपरची सवय, म्हणून मी मनातल्या मनात हसले.

टेस्ट लॅम्प घेऊन मी पुढून मागे एकेक वायर तपासत आले. फ्यूज ठीक. ब्रेकचा स्विच ठीक. मग उजवा दिवा उघडला. तो डेंटरने कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा आणून बसवलेला. तिथे मला एक खोडी सापडली. ह्या दिव्यांचा बल्ब एकच असतो, पण त्यात दोन तारा असतात, एक मंद उजेडाची, दुसरी ब्रेकची झगझगीत. डेंटरने वायरी उलट्या जोडल्या होत्या.

“हे बघा अण्णा, ह्यात उलटं केलंय.”

अण्णा एकदम पुढे वाकले. “ह्योच! ह्योच दोष! अगं, ऐकलंस का…” ते अक्कांना हाक मारणार इतक्यात मी म्हटलं, “अवो, थांबा की. ह्यो दिवा अपघातानंतर बसवलाय. त्या दिवशी ह्यो गाडीवर हुताच कुठं?”

त्यांचा चेहरा उतरला, आणि मला नवल वाटलं. वायरी सरळ केल्या आणि मग ते ‘दाबा-सोडा’ सुरू झालं. शेवटी ट्रॅक्टरवाले शिव्या घालायच्या बेतात आले, तेव्हा मी हात पुसत उभी राहिले आणि अण्णांना मागे बोलावलं.

“अण्णा, तोंड गोड करा,” मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता. “तुमच्या वायरिंगमदी काडीचा दोष न्हाई. त्या दिवशीबी नव्हता. मी कुणापुढंबी छातीवर हात ठिवून सांगीन. ट्रकवाला झोपंत असंल न्हाईतर प्यायला असंल. दिवं चालू हुतं, अण्णा!”

“हळू बोल!” त्यांनी माझा दंड धरला. “हळू. तिला ऐकू जाईल.”

“जाऊ द्या की! तेवढ्यासाठीच तर…”

“मंदा, पोरी, पाया पडतो तुझ्या. दोष काढ. वायरीत काढ, स्विचमदी काढ, कुठंबी काढ. पण तिला सांग की दिवं लागत नव्हतं.”

माझं डोकं फिरलं. “म्हंजे? खोटं सांगू? अण्णा, माझ्या आप्पांचं दुकान हाय ह्ये. हितं आजवर कुणाला खोटा बिघाड दाखवला न्हाई. आन् तुमच्याच गळ्यात घालायचा? गाव तुमाला काय काय बोलतंय, ते मी कानानं ऐकलंय.”

अण्णा गाडीच्या मागे, फरशीवर, चाकाला टेकून बसले. एवढा मोठा माणूस खाली बसल्यावर मला उभं राहवेना. मीही बसले. पुढून अक्कांच्या कपबशीचा आवाज येत होता.

“त्या दिवशी चरीत घरातनं सगळ्यात आधी मी पोचलो,” ते म्हणाले. “अंकलीच्या एका पोरानं सायकलवर येऊन सांगितलं, मी तसाच एकाच्या मोटरसायकलीवर बसून गेलो. सन्मतीला बाहेर काढून रस्त्याकडंला ठेवलं हुतं. लोक त्याच्याभवती. मी गाडीकडं वळलो. उजवा दिवा तर फुटलाच हुता. डाव्या बाजूला झेंडूची माळ. सकाळी पूजेला बांधल्याली. पुढं बॉनेटला एक आन् मागं एक. चांगली मनगटाएवढी जाड, आंब्याच्या पानांसकट, ह्या दिव्यापास्नं त्या दिव्यापतुर. दिव्यावर बसलीवती. मी ती बाजूला केली तर आत दिवा चालूच हुता.”

त्यांनी चाकाआडून पुढे डोकावून अक्कांकडे बघून घेतलं.

“वायरिंग माझं पक्कं हुतं, मंदा. एवढा मार बसून बी चालू हुता. फुलांच्या मागं. भायेरनं काय सुदीक दिसत नव्हतं. त्यो ट्रकवाला खरं बोलला, त्याला कशाला अडकवू? पोलीस यायच्या आत मी ती माळ वरबाडली आन् वढ्यात टाकली. ह्यो दोरा तेवढा ऱ्हायला.” त्यांनी खिशावर हात ठेवला. “माळ तिनं बांधली हुती. आदल्या दिवशी दिवसभर बसून ओवली. पोरानं पगारातनं साडी आणलीवती, ती नेसून बांधली. तिला ह्ये कळलं तर ती जगंल का?”

“आन् तुमी?”

“माझं काय. वायरिंग मी केल्यालं. चूक व्हायचीच की माणसाच्या हातनं.” ते माझ्याकडे बघून चक्क हसायचा प्रयत्न करत होते. “माझी चूक तिला सोसती. मला शिव्या देती, मग जेवायला वाढती. स्वतःची सोसायची न्हाई तिला.”

मला रडू फुटलं. खोटं कशाला बोलू, दुकानाच्या मधोमध, हाताला ग्रीस लागलेलं असताना मी तोंडावर पदर धरून रडले. मग उठले. आप्पांच्या फोटोकडे बघायचं टाळलं. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डिकीत वाकून अर्थिंगचा तो एक स्क्रू ढिला केला, इतपतच की मंद दिवे कसेबसे लागावेत आणि ब्रेकचा जोर आला की विझावेत. खाली बोटभर ग्रीस चोळलं.

“अक्का, जरा मागं येता काय?” मी हाक मारली.

त्या आल्या. मी मंद दिवे लावले. दोन्ही बाजूंना पिवळट लाल, आजारी उजेड आला. अण्णा आत जाऊन बसले.

“आता बगा हं. दाबा अण्णा!”

“दाबला!”

दिवे फडफडले आणि विझले.

“ही अर्थ,” मी डिकीत बोट दाखवून म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. “ही ढिली हाय. गाडी हादरली की कधी लागती, कधी न्हाई. भाच्यानं दाबला तवा लागली असंल. त्या दिवशी… त्या दिवशी लागली नसंल.”

अक्का वाकल्या. त्या स्क्रूकडे बराच वेळ बघत राहिल्या, मग माझ्या हाताकडे, मग गाडीच्या काचेतून अण्णांच्या पाठीकडे.

“बरं,” त्या म्हणाल्या.

एवढंच. मला वाटलं होतं त्या काहीतरी बोलतील, नवऱ्याला टाकून बोलतील, डोळ्यांना पदर लावतील. त्यांनी फक्त पिशवी उचलली. अण्णा गाडीतून उतरले तेव्हा त्यांचा श्वास मोकळा झाल्यासारखा दिसत होता. “झाली खात्री?” त्यांनी विचारलं. “झाली,” अक्का म्हणाल्या, “चला आता, तुमच्या गोळ्यांची येळ झाली.” उजव्या दिव्याची काच तडकलेली होती, ती कोल्हापुरातून मागवायची म्हणून गाडी माझ्याकडेच ठेवून दोघं रिक्षाने घरी गेली. मी अर्थिंगचा स्क्रू पुसून परत घट्ट केला आणि त्या दिवशी ट्रॅक्टरवाल्यांवर विनाकारण खेकसले.

खंडेनवमीला सकाळी मी शटर वर केलं तर अक्का पायरीशी उभ्या. एकट्याच. हातात कापडी पिशवी, तिच्यातून झेंडू वर आलेला.

“अण्णा आलं न्हाईत?”

“बस्तीत गेल्यात. म्हटलं फुलं आणून येते.” त्या सरळ आत आल्या, गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. डाव्या दिव्याच्या काचेवरून त्यांनी अंगठा फिरवला, धूळ पुसल्यासारखा.

“मंदा, असा बल्ब मिळतो काय गं, जो झेंडूच्या माळंतनं दिसंल?”

माझ्या हातात कोल्हापूरहून आलेली नवी काच होती. ती मी आधी जपून खाली ठेवली.

“अक्का…”

“परवा तू इस्क्रू ढिला केलास. खाचेत ताजा ओरखडा हुता, आन् तुझ्या बोटाला ग्रीस. अगं, आख्खा जलम स्टोअरकीपरच्या घरात काढलाय मी. मला काय गंजल्याला इस्क्रू आन् ढिला केल्याला इस्क्रू वळखू येत न्हाई?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “तुझ्यावर न्हाई मी रागावल्याली. त्यांनीच करायला लावलं असंल.”

“मग तुमी गप का बसलासा?”

“मग काय करू? त्यांचं तोंड बघितलंस न्हवं? आपला दोष सापडला म्हणून माणसाला एवढं बरं वाटल्यालं मी कधी बघितलं न्हाई.”

त्या स्टुलावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली आणि सवयीने एकेक फूल काढून देठ खुडायला लागल्या.

“त्यांना वाटतंय मला माळंचं म्हाईत न्हाई. अगं, मीच बांधल्याली, मला म्हाईत नसंल? गाडी घरी आली तवा मागची माळ नव्हती. पुढची तशीच हुती, सुकल्याली. मागचीच कशी गेली? तवाच कळलं मला. पण मी मनाला समजावत हुते, की ह्ये म्हणत्यात तर वायरच खराब असंल. चार वर्सं त्याच आशेवर काढली. नवऱ्याची चूक असावी म्हणून देवापुढं हात जोडले, मंदा. असली कसली बाई गं मी? मग भाच्यानं ब्रेक दाबला आन् दोन्ही दिवं लागलं.”

“म्हणून तुमी रोज विचारत हुता…”

“व्हय. म्हटलं, दुकानात तरी काय सापडतंय का बघू. तू मागं बसून ‘दाबा, दाबा’ करत हुतीस न्हवं, मी तिकडं देवाला म्हणत हुते, एकदा तरी विझू दे रे. एकदा तरी.”

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. मी उठून शटर अर्धं खाली ओढलं.

“आन् एक सांगते,” अक्का म्हणाल्या. देठ खुडायचं त्यांनी थांबवलं. “ह्ये त्यांनाबी म्हाईत न्हाई. कुणालाच न्हाई. त्या दिवशी सन्मतीनं ती माळ वर सरकवली हुती. म्हणाला, ‘आई, दिवं झाकत्यात, वरच असू दे.’ मी म्हटलं, ‘वाकडी दिसती रं. वरसातनं एकदा गाडीची पूजा, जरा बरी दिसू दे की.’ त्यो हसला, आन् कपडं बदलायला आत गेला. तेवढ्यात मी ती परत खाली ओढली. दिव्याच्या चौकटीला दोरा घातला, आन् गच्च निरगाठ मारली, सुटू नये म्हणून. आत्याच्या दारात गाडी उभी ऱ्हाईल, लोक बघत्याल, असं मनात.”

मला कापून टाकलेला तो दोरा आठवला. ब्लेडलासुद्धा जोर द्यावा लागला होता.

“ह्ये मी कुणाला सांगू? त्यांच्यापुढं रडले तर त्यांना वाटतंय त्यांच्या चुकीपायी रडते. मग तेच हात जोडत्यात, ‘चुकलं माझं’ म्हणत्यात. मला रडायचीबी चोरी झालीया.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. “त्यांना सांगू नगंस, मला कळलंय म्हणून. पोर गेल्यावर करण्याजोगं त्यांच्याकडं दुसरं काय उरलंय? तेवढं तरी असू दे.”

मी मान हलवली. माझा फटकळपणा कुठल्या कुठे गेला होता. त्या बाईच्या पाया पडावं की तिला कुशीत घ्यावं ते मला समजेना, आणि मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

“मिळतो काय असा बल्ब?” त्यांनी परत विचारलं.

“बगूया की,” मी म्हटलं.

माझ्याकडे त्या मापाचे जेवढे बल्ब होते ते सगळे काढले. अक्कांनी पिशवीतली सुई काढली, दोऱ्यात फुलं ओवली, मध्येमध्ये आंब्याची पानं घातली. हात सराईतपणे चालत होते. हातभर माळ झाली तेव्हा मी शटर पार खाली केलं. शेडमध्ये अंधार पसरला, फक्त पत्र्याच्या भोकांतून थोडा उजेड येत होता, दिवेलागणीला असतो तेवढाच. मी गाडीत बसले. वरचा आरसा वाकवून घेतला, तेव्हा मागच्या काचेतून अक्का दिसल्या. वाकून, दोन्ही हातांनी माळ डाव्या दिव्यावर धरून त्या उभ्या होत्या.

“दाबू?”

“दाब.”

“दाबला! दिसतोय का?”

त्यांनी मान तिरकी करून बघितलं.

“न्हाई दिसत,” अक्का म्हणाल्या.

मी उतरले, जास्त उजेडाचा बल्ब घातला, परत जाऊन बसले.

“दाबला!”

“न्हाई.”

परत बदलला. शेवटचा, आप्पांच्या वेळचा एक होता कपाटात, फार तापायचा म्हणून कुणी न्यायचं नाही. तो घातला. त्याहून मोठा माझ्याकडे नव्हता, आणि त्या गाडीला चालणारा असा बल्ब कुठेच मिळाला नसता, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. बहुतेक त्यांनाही.

“दाबला, अक्का! आता?”

आरशात त्या दोन पावलं मागे गेलेल्या दिसल्या. पण माळ दिव्यावर धरायची होती, म्हणून परत पुढे यावं लागलं. मग त्या हळूहळू खाली बसल्या, चेहरा अगदी फुलांना टेकेल इतक्या जवळ.

“दिसतोय,” त्या म्हणाल्या. “जवळनं दिसतोय गं. पार आत हाय.”

आणि मग मला त्यांचं रडणं ऐकू आलं. चार वर्षं दाबून धरलेलं, मोठ्याने, गळा काढून. मी उतरायला दार उघडलं.

“सोडू नगंस!” त्या मागून ओरडल्या. “दाबून धर, मंदा. थोडा येळ दाबून धर.”

मी दार ओढून घेतलं. ब्रेकवरचा पाय काढला नाही.